माळ्यावरचं गाठोडं, पारावरचा दगड आणि तुमचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढे प्रश्न आले की सगळे घेता आले नाहीत, राहिलेले पुढच्या अंकात नक्की घेते. त्याआधी आमच्या जिल्हा इतिहास मंडळाची थोडी खबरबात. मोडीचा रविवारचा वर्ग परत सुरू झालाय, यावेळी निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि दोन निवृत्त तलाठीसुद्धा, आणि त्यांचं वाचन आमच्यापेक्षा फास्ट आहे कारण जुने फेरफार त्यांनी आयुष्यभर हाताळलेत. किकलीला वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, बघायला गेलो होतो, त्याबद्दल खाली येईलच. आणि वाईतल्या एका वाड्यात दोन दिवस बसून कागदांचे फोटो काढले. आता प्रश्न.

ताई, सासूबाईंच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेलं मोडी कागदांचं गाठोडं सापडलंय. पुतण्या म्हणतो लॅमिनेट करून टाकू म्हणजे टिकतील. एक माणूस विकत मागायला पण येऊन गेला. काय करू? — एक वाचक, वाई तालुका

आधी पुतण्याला थांबवा, आजच्या आज. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिक कागदाला दोन्हीकडून कायमचं चिकटवणं, ते परत काढता येत नाही आणि काढायला गेलं तर प्लास्टिकबरोबर कागदच फाटून येतो. सेलोटेप पण नको, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. जुनी शाई बहुतेक काजळाची असते, पाणी लागलं की पसरते, त्यामुळे ओलं फडकं फिरवून "स्वच्छ" करायच्या भानगडीत पडू नका. उन्हात पण घालू नका, वाई-महाबळेश्वरकडच्या पावसाळ्यात कागद दमट होतात हे मला माहितीये, पण सावलीत पसरून हळू पंख्याखाली ठेवले तरी पुरतं.

त्या फडक्याला रुमाल म्हणतात, आणि पूर्वीच्या लोकांनी कागद रुमालात बांधले ते विचार करूनच. सुती कापडातून हवा खेळते. तुम्ही धुतलेलं, खळ नसलेलं जुनं सुती धोतर किंवा साडी घ्या, त्यात बांधा, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवा पण ती कागदाला टेकू देऊ नका, आणि पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा फळीवर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाठोडं सोडायच्या आधी त्याचा फोटो काढा, गाठ कशी आहे, वर कुठला कागद आहे, कुठला कशाला गुंडाळलाय. हा क्रम मोडला की अर्धी माहिती गेली. कारण जमिनीच्या वादाचे दहा कागद कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी मुद्दाम एकत्र बांधलेले असतात, त्यातला एक एकटा वाचला तर काही कळत नाही, दहा एकत्र वाचले की अख्खं घराणं उभं राहतं. प्रत्येक कागदाला मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक नंबर द्या, पेन नको. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, मोबाईल बरोबर वर धरून, शेजारी फूटपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची बाजू कोरी वाटली तरी काढा, कारण पत्ता किंवा "पावलं" (म्हणजे मिळालं) असा शेरा बरेचदा तिथंच असतो. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, तसेच राहू द्या, त्यासाठी जाणकार माणूस लागतो.

आम्ही गेलो होतो त्या वाड्यात असाच एक चार घड्यांचा कागद निघाला, घडीच्या कडा बिस्किटासारख्या झालेल्या. वाचला तर लग्नाचा खर्च. हळद किती, सुपारी किती, तूप किती, मांडवाला वासे किती आणि शेवटी वाजंत्र्यांना काय दिलं ते. घरातल्या आजी दाराशी बसून ऐकत होत्या, मध्येच म्हणाल्या "आमच्यात अजून सुपारी तेवढीच लागते." असल्या कागदात राजा नाही, लढाई नाही, म्हणून लोक फेकतात, आणि मला तर हेच कागद जास्त मोलाचे वाटतात.

विकायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, विकू नका. तुमची वाई ही मराठी इतिहासातली फार मोठी जागा आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो वाईत मिळालेल्या कागदांवरच, आणि शेजारच्या मेणवलीला नाना फडणवीसांचं दप्तर होतं. असेच कागद आयुष्यभर जमवणारे दत्तात्रय बळवंत पारसनीस साताऱ्याचे. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात म्युझियम उभं राहिलं आणि मग १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथं तो नीट सांभाळला गेला, अभ्यासकांना मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही, पण साताऱ्याच्या पोराला साताऱ्याचे कागद बघायला पुण्याची एसटी धरावी लागते हे मनाला लागतंच. संस्थेत गेलेला कागद निदान सापडतो तरी. दारावर येऊन किलोवर मागणाऱ्याकडं गेलेला परत कधी दिसत नाही, त्यातले शिक्क्याचे चार तो ठेवतो आणि बाकीचे फुकट जातात. ठेवणं जमत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला द्या, १९१० पासून ते हेच काम करतायत. पण देताना "अमक्या घरातून, अमक्या गावातून" असं लेखी करून द्या.

ताई मी सेकंड इयरला आहे, मोडी शिकतोय. एका पत्रावर "सु॥ सलास खमसैन मया व अलफ" असं लिहिलंय, सर म्हणाले ती तारीख आहे. ही कसली तारीख? — विद्यार्थी, सातारा

शाब्बास, अक्षरं जुळवून इथपर्यंत आलास म्हणजे अवघड घाट चढलास, आता उतार आहे. सु॥ म्हणजे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांवरची वर्ष मोजायची एक पद्धत. अरबी अंक शब्दात लिहिलेत, आणि एककापासून सुरू होऊन हजाराकडं जातात. सलास म्हणजे ३, खमसैन म्हणजे ५०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. बेरीज ११५३. यात ५९९ मिळव, आले १७५२. पण हे वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, मृग नक्षत्र लागलं की सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल पण म्हणायचे, शेतकऱ्याचं वर्षच ते. म्हणजे तुझं पत्र १७५२ च्या जूनपासून १७५३ च्या मे अखेरपर्यंत कधीतरी लिहिलेलं. जानेवारी ते मे मधलं पत्र असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे, इथं भलेभले चुकतात.

स्वतः तपासून बघायचं असेल तर पानिपत घे. १४ जानेवारी १७६१. त्या वर्षीच्या पत्रावर "इहिदे सितैन मया व अलफ" असतं, १ आणि ६० आणि १०० आणि १०००, म्हणजे ११६१, जानेवारी आहे म्हणून ६०० मिळव, बरोबर १७६१. हे एकदा हाताने केलंस की आयुष्यात विसरणार नाहीस.

पुढं "छ" असं अक्षर आणि आकडा दिसेल, छ १५ वगैरे, त्यानंतर जमादिलावल नाहीतर रबिलाखर असं काहीतरी. तो छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. काही कागदांवर शके असेल, त्यात ७८ मिळवायचे. फसली म्हणजे महसुलाचं वर्ष असेल तर ५९०. एका टाचणवहीत हे सगळं लिहून काढ आणि एकक-दशक तोंडपाठ कर: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. मग अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. रोज अंघोळ करताना म्हण, आठवड्यात बसतं.

आणि मोडी वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेव. आधी आडवी रेघ मारून मग खाली अक्षरं लटकवलेली असतात, त्यामुळे शब्द कुठं तुटतो ते डोळ्याला दिसत नाही, अर्थाने तोडावा लागतो. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, दिन आणि दीन सारखेच. आणि लिहिणारा बोरू उचलायचा कंटाळा करतो, अक्षरं एकमेकांना जोडतच जातो. म्हणून आमच्या वर्गात पहिले तीन रविवार फक्त लिहायला लावतो, वाचायला देतच नाही. हात वळला की डोळा वाचतो.

आमच्या भैरोबाच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. देवळासमोर सात-आठ जुने कोरीव दगड आहेत. कमिटीचं म्हणणं त्यांना ऑईलपेंट देऊन कंपाउंडच्या भिंतीत बसवावेत. तुमचं मत सांगा. — ग्रामपंचायत सदस्य, खटाव तालुका

विचारलंत हे फार बरं केलंत, कारण बहुतेक वेळा आम्हाला कळतं तेव्हा रंग वाळलेला असतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून ते वीरगळ आहेत, एक सतीशिळा आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत तो माणूस लढताना किंवा पडलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि डोक्यावर कलश आणि सूर्य-चंद्र, म्हणजे सूर्य-चंद्र आहेत तोवर याचं नाव राहील. खालच्या चौकटीत कोपऱ्यात गाई कोरलेल्या असतील तर तो गाई राखताना, त्या सोडवताना गेला. सतीशिळेवर कोपरात वाकलेला हात असतो आणि हातात बांगड्या. आता कमिटीला विचारा, भिंतीत बसवताना खालचा वीतभर भाग सिमेंटमध्ये जाणार का? जाणार. म्हणजे नेमकी लढाईची चौकट गाडली जाणार, तो माणूस कसा मेला हेच झाकलं जाणार! एका गावात हे मी डोळ्यांनी बघितलंय, गाईंची फक्त शिंगं सिमेंटच्या वर राहिली होती. गवंड्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑईलपेंटने दगडाचा श्वास बंद होतो, आतली ओल बाहेर पडत नाही आणि वरचा पापुद्रा रंगासकट सुटतो. आधीच रंग असेल तर तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, छिन्नी काही लावू नका. सँडब्लास्टिंग तर अजिबात नको, काळ्या दगडावरचं बारीक काम त्यात उडून जातं. शेंदूर लावलेला दगड असेल तर मात्र तो तसाच असू द्या. आमच्यातले काही जण शेंदूर काढा म्हणून अडून बसतात, मला ते पटत नाही, ज्या म्हातारीने चाळीस वर्षं रोज शेंदूर लावून तो दगड सांभाळला तिच्यामुळेच तो आज जागेवर आहे.

मग करायचं काय, तर देवळाच्या बाजूलाच, आहेत त्याच आवारात, मुरूम टाकून थोडा उंच कट्टा करा, पाणी साचणार नाही असा, आणि दगड उभे ठेवा, बुडाला वाळू-मुरूम भरून, सिमेंट न वापरता. हलवायच्या आधी प्रत्येकाचं तोंड कुठल्या दिशेला होतं, कोण कोणाच्या शेजारी होता, त्याचा कच्चा नकाशा काढून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवा. देऊळ संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय वीटसुद्धा हलवायची नाही, हे आधी तपासा. आणि कमिटीला एकदा गाडी करून वाई तालुक्यात किकलीला घेऊन जा. चंदन-वंदन गडांच्या पायथ्याचं गाव, भैरवनाथाच्या देवळापाशी ओळीने वीरगळ. आम्ही गेलो तेव्हा सकाळचं तिरपं ऊन होतं, त्या उन्हात ढालीवरची रेघ न् रेघ दिसत होती, घोड्याचा लगामसुद्धा, आणि दुपारी बारा वाजता तोच दगड सपाट दिसायला लागला. फोटो काढायचे तर सकाळी आठच्या आत काढा.

नांगरताना नाण्यांचं मडकं सापडलं तर ते शेतकऱ्याचं का सरकारचं? — कोरेगाव

लपवायचं नाही, एवढं पहिलं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांच्या वर किंमतीचं काहीही जमिनीत सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, तलाठी-तहसीलदारांमार्फत कळवा. शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क कायद्यातच धरलाय आणि सरकारने ठेवून घेतलं तर मोबदल्याची तरतूद आहे. नाणी घासून चमकवू नका, मडक्याची खापरं पण टाकू नका. शेताचा गट नंबर आणि किती खोल सापडलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्लीत, काही जण रद्दीत काढा म्हणतात. — शिक्षिका, कराड तालुका

बाई, जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, कायमस्वरूपी दस्त आहे, ते काढताच येत नाही. साताऱ्याच्या आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात १९१४ नंबरला "भिवा रामजी आंबेडकर" अशी नोंद आहे, प्रवेश ७ नोव्हेंबर १९००. त्या एका ओळीमुळे आज राज्यभर त्या तारखेला विद्यार्थी दिवस साजरा होतो. वाळवी लागलेलं रजिस्टर आधी बाकीच्यांपासून वेगळं करा, भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा, आणि पानापानाचा फोटो काढून घ्या, सातवीची मुलं हे काम दोन शनिवारात करतील. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून किती लोकांनी शाळांच्या पायऱ्या झिजवल्या ते तुम्ही बघितलंच असेल.

साताऱ्याला आणलेली वाघनखं खरंच महाराजांची का? घरात यावरून वाद झाला. — फलटण

वाद घालू नका, काय नोंद आहे ते सांगते. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तीन वर्षांच्या मुदतीवर. सोबतच्या डबीवर लिहिलंय की ही शिवाजी महाराजांची वाघनखं, साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना ग्रँट डफला पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. ग्रँट डफ १८१८ पासून इथं रेसिडेंट होता, म्हणजे प्रतापगडच्या १६५९ च्या प्रसंगानंतर जवळजवळ १६० वर्षांनी. मधल्या काळात ती कुणाकडं होती याची साखळी कागदावर नाही, म्हणून म्युझियम स्वतःच सांगतं की ही तीच असल्याची खात्री करता येत नाही. मी जाऊन आले, काचेसमोर उभं राहिल्यावर गळा दाटून आला, आणि त्या १६० वर्षांचा एखादा कागद कुणाच्या माळ्यावर असेल का हा विचार घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

आमच्या चावडीच्या भिंतीत एक पाटी आहे, पहिल्या महायुद्धात गावातून किती गेले, किती मेले. नावं नाहीत. माझे पणजोबा गेले होते म्हणतात. कसं शोधू? — माजी सैनिक, सातारा तालुका

साहेब, आधी तुम्हाला नमस्कार. अशा पाट्या आपल्याकडं बऱ्याच गावांत आहेत, अपशिंगे मिलिटरी नावाच्या गावातून त्या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची युद्धात मेलेल्यांची यादी फुकट बघता येते. नाव इंग्रजीत वेडंवाकडं लिहिलेलं असतं म्हणून आडनावाऐवजी गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाकून शोधा, बरेचदा "अमक्याचा मुलगा, अमकं गाव, सातारा" एवढं मिळून जातं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, मोठ्या संख्येने होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या कुतच्या वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. पण बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे फक्त आकडे, अगदी तुमच्या चावडीच्या पाटीसारखे. पणजोबा परत आले असतील तर या यादीत नसतील, मग घरातलं मेडल बघा, त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते, भिंग लावून वाचा. ते सापडलं की मला फोटो पाठवा, पुढचं आपण मिळून बघू. आणि गावातली जेवढी नावं घराघरातून मिळतील तेवढी त्या पाटीखाली लिहा, ग्रामसभेचा ठराव करून.

आमची आजी ९४ वर्षांची आहे, पत्री सरकारच्या वेळी भूमिगतांना भाकरी पोचवायची. तिचं रेकॉर्डिंग करायचंय, पण विचारलं की "काय न्हाय बाबा, समद्यांनीच केलं" एवढंच म्हणते. आणि आमचं गाव सांगली जिल्ह्यात, तुम्ही घ्याल का? — पलूस तालुका

घेऊ म्हणजे काय, तेव्हा जिल्हा एकच होता! वाळवा, तासगाव, खानापूर सगळे सातारा जिल्ह्यात, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. कुंडल तर औंध संस्थानात होतं. त्यामुळे तुमच्या भागाचे कागद शोधताना सातारा आणि औंध दोन्हीकडं बघायचं, फक्त सांगलीत बघून "काही नाही" म्हणू नका.

आता आजी. "तुम्ही स्वातंत्र्यलढ्यात काय केलं" असं विचारलं की कुठलीही बाई असंच म्हणणार. भाकरीबद्दल विचारा. ज्वारीची का बाजरीची, किती थापायची, पीठ कुठनं यायचं, घरात कुणाला माहीत होतं, फडक्यात बांधायची का पाटीत, वर काय ठेवायची, शेण का वैरण, कुठल्या वाटेने जायची, कुत्री भुंकायची का, घ्यायला कोण यायचं आणि तो बोलायचा का. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्याबद्दल लिहिलेलं पुष्कळ आहे, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे लुटली, २४ जुलैला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तारखा पुस्तकात मिळतात. डोंगरातल्या माणसाला रात्री जेवण कसं पोचलं हे आजीशिवाय कुणी सांगणार नाही, आणि १९४३ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीच्या पुढं आहेत. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका.

सकाळी करा, चहा झाल्यावर, अर्ध्या तासाच्या वर नको. मोबाईल उशीवर ठेवा, हातात धरू नका. पंखा आणि टीव्ही बंद. गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा, घाई करून पुढचा प्रश्न टाकू नका. सुरुवातीला तारीख, गाव, तिचं माहेरचं नाव तुमच्या आवाजात बोला. लिहून काढताना तिचं "समद्यांनीच" हे "सर्वांनीच" करू नका, जसं बोलली तसंच ठेवा. एका मुलीने तिच्या आजीला असंच विचारलं होतं, आजी काही बोलेना, मग ती नुसती म्हणाली, परात कुठली होती गं? आजी उठली, मोरीमागनं काठ चेपलेली पितळी परात काढून आणली, मांडीवर घेतली आणि तासभर बोलत राहिली.